दीड सूर खाली

बर्मिंगहॅम, अलाबामा
रविवार, २२ सप्टेंबर

प्रिय हॉयट मामा,

हे पत्र कर्टिस बास बाजूला ठेवून तुझ्या हातात मंगळवारी दुपारी देईल, गावातल्या जुन्या गोदामाच्या मागच्या खोलीत, तुमच्या बँडच्या कार्यक्रमाच्या आधी. तुला लिहिलेलं वाचायचा किती कंटाळा आहे हे मला माहीत आहे. रेकॉर्ड कंपनीच्या करारावरसुद्धा तू न वाचता सही केलीस आणि मग दहा वर्षं त्याला शिव्या घातल्यास. पण हे शेवटपर्यंत वाच. उभ्याने नको, बसून वाच.

मागणं आधीच सांगून टाकते. बुधवारी सकाळी नऊ वाजता इथल्या घशाच्या डॉक्टरांकडे तुझी वेळ ठरली आहे. दोन महिने कुणाला मिळत नाही ती वेळ मी रोज त्यांच्या दाराशी उभी राहून मिळवली. नाकातून एक बारीक नळी घालतात आणि स्वरयंत्र आतून बघतात. पंधरा मिनिटांचं काम आहे. खर्चाची व्यवस्था झाली आहे, ते कारण तू सांगू नकोस. गुरुवारी सकाळी तुमची व्हॅन सहा आठवड्यांच्या दौऱ्यावर निघते आहे. बुधवार चुकवून तू त्या व्हॅनमध्ये बसलास तर काय होईल, या विचाराने मला आठवडाभर धड जेवण जात नाही.

मी तीनदा फोन केला. पहिल्यांदा तू हसलास. म्हणालास, "नोव्हेंबर उजाडू दे, डॉक्टरीणबाई. मग नळी घाल, नाहीतर पंप लाव." दुसऱ्यांदा म्हणालास, "चार पुस्तकं वाचलीस म्हणून मला आजार शोधायला लागलीस का? आधी कुत्र्यावर हात बसव." तिसऱ्यांदा मी घसा हा शब्द उच्चारला आणि तू फोन ठेवलास. माझा फोन तू आजवर कधी असा ठेवला नव्हतास. अगदी मी तुझा ट्रक खड्ड्यात घातला होता तेव्हासुद्धा नाही.

तू का जात नाहीस हे मला कळत नाही असं समजू नकोस. सत्तावीस वर्षं तुम्ही हे गाडं ओढलंत. आपली सूतमिल बंद पडली तेव्हा तू सत्तावीस वर्षांचा होतास, म्हणजे अर्धं आयुष्य झालं. गावातले लोक मिलमधून सुटलेल्या माणसांच्या केसांतला कापूस बघून "लिंटहेड" म्हणून चिडवायचे, आजीला दुकानात कुणी आधी सामान द्यायचं नाही, आणि तू बँडला नाव काय दिलंस तर तेच, 'द लिंटहेड्स'. आजीने आठवडाभर तुझ्याशी अबोला धरला. नंतर पहिल्या रेकॉर्डवर तिच्या पाळीतल्या बायकांचा फोटो बघितला आणि ती फ्रेम तिने येशूच्या शेजारी टांगली.

त्या रेकॉर्डवर 'शेवटचा भोंगा' होतं. ध्रुवपदानंतर बाकी सगळे थांबतात आणि तू एकटा तो सूर लावतोस, मिलच्या भोंग्याचा, लांब, सरळ, न हलणारा. लोक त्यासाठीच यायचे. अटलांटाच्या रेडिओवर ते गाणं एक उन्हाळाभर वाजलं. मग कंपनीने सांगितलं, तीन गिटारी कशाला, टोप्या बदला, जरा हसरी गाणी करा. तुम्ही केली नाहीत. त्यांनी तुम्हाला सोडलं. त्यानंतर जत्रा, दारूचे अड्डे, मोटारींच्या शर्यती, कॅटफिशच्या जेवणावळी. वर्षाला दीडशे रात्री. आणि आता कुठे, नव्या रेकॉर्डवर कुणीतरी चांगलं लिहिलं, तरुण पोरं तुमची जुनी गाणी शोधून ऐकायला लागली, एका मोठ्या बँडने तुम्हाला त्यांच्या आधी गायला बोलावलं. नॅशव्हिलच्या त्या जुन्या नाट्यगृहात, जिथे मी नऊ वर्षांची असताना तू मला रस्त्यावरून फक्त दार दाखवलं होतंस. नळीत काही दिसलं तर हे सगळं सोड असं तुला मीच सांगावं, यापेक्षा वाईट काम मला कुणी दिलं नसतं.

कारण मीही त्याच व्हॅनमध्ये वाढले. आई मला तुझ्याकडे दोन आठवड्यांसाठी ठेवून फ्लोरिडाला गेली ती गेलीच. तुला पोर सांभाळता येत नव्हतं. तू मला वेणी घालायला वॉर्डेलकडून शिकलास, कारण त्याला चार मुली होत्या. उन्हाळ्यात मी टीशर्ट विकायच्या टेबलाखाली बसून गृहपाठ करायचे, आणि बडी ढोल बडवता बडवता माझे पाढे चुकतात का बघायचा. मी पदवी घेतली त्या दिवशी तुम्ही नॉक्सव्हिलहून न झोपता आलात, पाचही जण, कालच्याच शर्टात. माझं नाव पुकारल्यावर त्या हजारो लोकांत तू उभा राहून भोंग्याचा सूर लावलास. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी कागदावरून मान वर केली. मी लाजले नाही, मामा. आपल्या घरात कुणी नववीच्या पुढे गेलं नव्हतं. मला वाटलं, मिल सुटली आणि आपण सगळे एकदम बाहेर आलो.

आता तुझ्या त्या आवाजाचंच सांगते. गेल्या वर्षी जुलैमध्ये मेकनला काय झालं ते तुला आठवत असेल. दुपारच्या तालमीत भोंगा लागला नाही. तू दोनदा घेतलास, तिसऱ्यांदा आवाज फाटला. तू टोपी फेकलीस, व्हॅनमध्ये जाऊन बसलास आणि म्हणालास, "जो गवई आपलं गाणं गाऊ शकत नाही त्याने छपरं ठोकायला जावं. उद्यापासून मी छपरं ठोकतो." आणि संध्याकाळी तो सूर लागला. भरून लागला. कार्यक्रम संपल्यावर तू मला उचलून गरगर फिरवलंस. डोळे पुसत म्हणालास, "बघितलंस? म्हातारा अजून मेला नाही."

लागला कारण मी पट्टी उतरवली होती.

कर्टिस माझ्याकडे आला होता. बास वाजवणारा माणूस कधी घाईत नसतो, पण त्या दिवशी तो घामाने निथळत होता. म्हणाला, "लॅनी, सगळ्या गिटारी अर्धा सूर खाली घे. त्याला सांगू नकोस. एक रात्र निभावून ने." मी सोळा वर्षांची असल्यापासून तुमच्या तारा लावते. तू गिटार माझ्या हातातून घेतोस आणि न तपासता गळ्यात अडकवतोस, एवढा तुझा विश्वास. मी सगळ्या उतरवल्या, तुझीसुद्धा. वॉर्डेल त्याच्या आडव्या गिटारवर सळई एक घर मागे सरकवून वाजवू लागला. तुझी बोटं नेहमीच्या जागीच होती. सगळेच एकदम खाली उतरले की कुणी उतरलंय हे कळत नाही.

एक रात्र निभवायची होती. पण दुसऱ्या रात्री तू इतका खूष होतास की पट्टी वर चढवायला कुणाचा हात झाला नाही. नोव्हेंबरमध्ये पुन्हा तुझा आवाज फाटू लागला, तेव्हा आम्ही आणखी अर्धा सूर उतरलो. मार्चमध्ये आणखी अर्धा. दीड सूर, मामा. तारा लोंबायला लागल्या, तुझ्या बोटांना कळलं असतं, म्हणून मी जाड तारा चढवल्या आणि तुला म्हणाले, या जास्त टिकतात. तू म्हणालास, शिकलेल्या पोरीची अक्कल.

आणि माउथऑर्गन. तो तर तारांसारखा उतरवता येत नाही. म्हणून मी खालच्या पट्टीचे नवे मागवले, स्क्रू काढले आणि तुझ्या जुन्यांचे वरचे पत्रे त्यांना बसवले. तुझे पोचे आलेले, तुझ्या दातांच्या खुणा असलेले पत्रे, त्यांवर कोरलेलं जुन्या पट्टीचंच अक्षर. आत दुसराच बाजा. आपल्या घरातल्या स्वयंपाकाच्या टेबलावर बसून मी ते तीनदा केलं. मला वाटत होतं मी तुझ्यावर माया करते आहे.

आम्ही सगळेच तसं समजत होतो. बँडवाले हे करतातच. गवई पन्नाशीला आला की पट्टी खाली येते, सगळे करतात, फक्त कुणी बोलत नाही. बडी म्हणाला, "माझ्या बापाला आम्ही चष्मा लागलाय हे सांगितलंच नाही, मोठ्या अक्षराचं बायबल आणून ठेवलं. तसंच हे." आम्ही हसलो. बाकीच्या गोष्टी समोर दिसत होत्या आणि आम्ही हसत राहिलो. तुझा डावा कान दुखतो. तू बडीच्या झांजांना दोष दिलास आणि त्याला स्टेजच्या दुसऱ्या टोकाला हलवलंस, तरी कान दुखायचा थांबला नाही. तू मक्याचा पाव ताकात कुस्करून खायला लागलास. मला वाटलं, आजोबा तसं खायचे, वय झालं की माणूस बापासारखा होतो. तळलेली कोंबडी तू ताटात ठेवून देतोस हे मी बघितलं आणि कुत्र्याला घातली. ईस्टरला चर्चमध्ये व्हर्ना मावशीच्या पियानोबरोबर तुला भजन झेपलं नाही, तेव्हा तू सगळ्यांदेखत म्हणालास, "तुझा पियानो चढलाय, व्हर्ना." ती म्हणाली, "पियानो उतरतो रे मेल्या, चढत नाही. चढली असेल तर तुला." सगळं चर्च हसलं. मी सगळ्यांत मोठ्याने हसले. त्या खोलीत खरं काय ते फक्त मला माहीत होतं.

एकच बाई फसली नाही. चार जुलैला मैदानावर तुम्ही गायलात, त्यानंतर मिस ओपल माझ्याजवळ आल्या. एकतीस वर्षं मिलच्या सूत कातायच्या खात्यात काढली, कानांनी आता जेमतेम ऐकू येतं. माझा दंड धरून म्हणाल्या, "पोरी, आमचा भोंगा एवढा खाली नव्हता गं. मी त्याच्यावर उठले, त्याच्यावर जेवले, त्याच्यावर तीन पोरं पाजली. हॉयटला काय झालंय?" मी म्हणाले, काही नाही मिस ओपल, लाउडस्पीकर जुने आहेत. मी खोटं बोलायला किती सरावले होते बघ. पदवीच्या प्रवेश अर्जात मी पानभर लिहिलं होतं की आमच्या घरात खरं गाणं म्हणायची रीत आहे.

ऑगस्टपासून मी इथे रुग्णालयाच्या आवाजाच्या विभागात शिकते आहे. तीन आठवड्यांपूर्वी एक गृहस्थ आले. टस्कालूसाचे, शाळेची बस चालवायचे. ते पाटीवर लिहून बोलतात, कारण त्यांचं स्वरयंत्र काढून टाकलं आहे. गळ्याला पुढे भोक आहे, त्यातून श्वास घेतात. मला त्यांची जुनी माहिती भरून घ्यायची होती, म्हणून मी त्यांच्या बायकोला विचारलं, सुरुवात कशी झाली. ती म्हणाली, "वर्षभर आवाज खाली खाली येत गेला. जरा खरखरीत. आम्हाला वाटलं, भारदस्त झालाय. फोनवर लोक म्हणायचे, काय आवाज आहे. मग कान दुखायला लागला." मी फॉर्म मिटून ठेवला. बाहेर जाऊन जिन्यात बसले. बाईंनी, म्हणजे माझ्या शिक्षिकेने, मला विचारलं काय झालं, आणि मी त्यांना सगळं सांगितलं, पट्टी, जाड तारा, पत्रे, सगळं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आवाज महिनाभर बसला तरी माणसाने दाखवायला यावं. तुम्ही चौदा महिने त्याला कळूच दिलं नाही."

मी डॉक्टर नाही. मला काय झालंय हे सांगता येत नाही, सांगायचा अधिकारही नाही. कदाचित साधी गाठ असेल, ओरडून ओरडून येते तशी. कदाचित नुसतं वय असेल, आणि तू पुढची वीस वर्षं मला कुत्र्यांची डॉक्टरीण म्हणशील. मी रोज तेच मागते. पण ते नसेल, तर लवकर कळलं की किरणांच्या उपचारावर भागतं आणि आवाज बराचसा हाती राहतो. उशीर झाला की पाटी येते. ते अंतर किती असतं, सहा आठवडे की सहा महिने, ते मला कुणी सांगू शकत नाही. मी विचारलं. ज्यांना ज्यांना विचारता येईल त्यांना विचारलं. सहा आठवडे तू रोज रात्री त्या घशावर ओरडणार आहेस आणि मी इथे बसून मोजत राहणार आहे. हे माझ्याने होणार नाही. मामा, तुझ्या अंगाने तुला आपण होऊन हाक मारली होती, मेकनला, दुपारी, सगळ्यांसमोर. तू ऐकलीही होतीस. मी मध्ये येऊन ती बंद केली.

आता हे पत्र तुला आजच आणि त्या खोलीतच का मिळतं आहे ते सांगते. शनिवारी मी गावी आले होते. तुला भेटले नाही. कर्टिसच्या गॅरेजमध्ये चौघांना बोलावलं आणि टस्कालूसाच्या त्या माणसाबद्दल सांगितलं. कर्टिस रडला. वॉर्डेल म्हणाला, "मी तीन घरं वर सरकतो, माझं काय जातंय. त्याचं जाऊ नये." बडी म्हणाला, "मी ढोलवाला, मला सगळ्या पट्ट्या मोकळ्या," आणि मग तोंड फिरवून उभा राहिला. दुसरी गिटार वाजवणारा आपला अबोल एमेट एवढंच म्हणाला, "लोकांसमोर नको. माणूस आहे तो." म्हणून हे पत्र. मी सगळ्या जाड तारा काढल्या, पातळ चढवल्या, आणि एकूण एक वाद्य पहिल्या रेकॉर्डच्या पट्टीत आणून ठेवलं. माउथऑर्गनचे पत्रेही ज्याचे त्याला बसवले. खोलीत तुझी गिटार आहे ती तशीच लावलेली आहे. दार लावून घे. बाहेर कुणी कान देणार नाही, कर्टिसने सगळ्यांना अंगणात नेलं असेल. भोंगा लावून बघ. लागला, तर मी चुकले, आणि मला हवं ते बोल. नाही लागला, तर लाजू नकोस, आणि टोपी फेकू नकोस. आज रात्री वॉर्डेल गाईल, वाईट गाईल, गाव समजून घेईल. गोदामाच्या मागच्या दारासमोर मी गाडीत बसलेली आहे. आत येणार नाही, हाक मारणार नाही, तुला जितका वेळ लागेल तितका लागू दे. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर मागच्या सीटवर बस. पण ये.

तुझ्या विश्वासाला न जागलेली, तरीही तुझीच,
लॅनी